इंजिनावरचा दुहेरी ठसा

मंगळवारी सकाळी माझा भाऊ पोलादपूरच्या एसटी स्टँडवर महाडच्या गाडीची वाट पाहत होता. तो उभा होता, मग बसला, मग आडवा झाला. लोकांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथून माझ्या कचेरीत फोन आला.

त्या फोननंतर मला पहिल्यांदा काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भीती वाटली. भाऊ गेला हे अजून आत उतरायचं होतं, त्याआधीच मनात आलं की हा मंगळवारी महाडला माझ्याकडे का निघाला होता? आमचा भेटायचा वार रविवार. रविवारी मी पोलादपूरला जायचो, तो कधी इकडे येत नसे. एसटीत बसलं की त्याची पाठ दुखायची. आणि सोमवारी त्याचे दोन फोन येऊन गेले होते. मी ते वाजू दिले होते.

त्या दोन फोनांपाशी येण्याआधी आम्ही दोघे रविवारी काय करायचो ते सांगायला हवं, कारण गावात ते कुणाला नीटसं कळलं नव्हतं.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. बारावी झाल्यावर तो आखातात गेला आणि एका श्रीमंत माणसाच्या खासगी गॅरेजमध्ये लागला. त्या माणसाला जुन्या अमेरिकन मोटारींचा नाद होता. दोन दारं, लांब बॉनेट, पुढे आठ सिलिंडरचं इंजिन. तिकडे त्यांना मसल कार म्हणतात. भावाने वीस वर्षं त्या गाड्या उकलल्या आणि पुन्हा जोडल्या. मणक्याचा त्रास सुरू झाल्यावर तो परत आला. त्या गॅरेजचा मुकादम अमेरिकन होता. त्याने मायदेशी जाऊन एक छोटा व्यवसाय काढला. जुनी गाडी विकत घेणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं की ही कारखान्यातून निघाली तशीच आहे का? इंजिन तेच का, रंग तोच का, गिअरबॉक्स नंतर कुणी बसवलेला तर नाही? मुकादम गाडीचे शेकडो फोटो काढायचा आणि भावाला पाठवायचा. भाऊ पोलादपूरच्या आपल्या पडवीत बसून ते बघायचा. त्याला इंग्रजी वाक्यं जड जात, आकडे मात्र कुठल्याही भाषेतले चालत. वाक्यं माझ्याकडे होती. मी एम. ए. झालेला, कचेरीत नकलांच्या विभागात अठ्ठावीस वर्षं काढलेला. अहवाल मी लिहायचो.

मला मोटारींतलं काही कळत नव्हतं. "दादाला विचार मोटारीला चाकं किती," भाऊ बायकोला म्हणायचा, "तो आधी अर्ज मागेल." ती चहा ठेवताना स्क्रीनकडे बघून विचारायची, "आज कुणाचं पोस्टमार्टेम?" आणि उत्तराची वाट न बघता आत जायची.

पण कामाची पद्धत माझी होती. आमच्या विभागात नक्कल तयार झाली की तिची रुजवात घेतात. एकाने अस्सल कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ऐकायचं. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय नक्कल खिडकीबाहेर जात नाही. भावाला हे फार आवडलं. तो फोटोतला आकडा वाचायचा: इंजिनाच्या ओतकामावरची तारीख, काचेवरची खूण, बॉनेटखालच्या पत्र्यावरची अक्षरं. मी लिहायचो. मग मी वाचायचो आणि तो ऐकायचा. ओतकाम गाडीच्या आधीचं हवं, फार आधीचंही नको. कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला कारखान्याचा मूळ कागद सापडायचा, उंदरांनी कुरतडलेला, गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी असलेला. तो सापडला की भाऊ टाळी वाजवायचा.

एक गोष्ट त्याने मला पहिल्याच वर्षी शिकवली. अस्सल गाडी कधी सुबक नसते. कारखान्यात रंगाचे ओघळ राहिलेले असतात, पट्टा तिरका बसलेला असतो, तपासणाऱ्याने खडूने ओढलेली रेघ तशीच असते. "जी गाडी लई साफ, तिच्यावर आधी डाऊट घ्यायचा," तो म्हणायचा. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. कळलं नव्हतं.

तो शेवटचा रविवार एका हिरव्या गाडीचा होता. ओहायोतल्या एका म्हाताऱ्याची. त्याने ती तरुणपणी नवी घेतली होती आणि आता विकत होता. सगळं जुळत होतं. राहिला होता तो इंजिनाच्या पुढच्या सपाट जागेवर ठोकलेला क्रमांक. गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे तिथे कारखान्यात ठोकत. ते गाडीशी जुळले की इंजिन मूळचं. ते जुळत होते. शेवटचा आकडा आठ होता.

"थांब दादा," भाऊ म्हणाला. त्याने फोटो मोठा केला. "ह्या आठाखाली अजून एक आकडा हाय."

मी वाकून पाहिलं. आठाच्या मागे कसलीशी तिरपी रेघ होती, वर एक आडवा तुकडा.

"खाडाखोड," मी म्हणालो.

"खाडाखोड कसली? ठोकताना चुकला असेल. हातानं ठोकायचे ते."

"चुकला तर बाजूला सही हवी. निदान काही खूण."

तो खदखदून हसला. "लोखंडावर सही! दादा, तो कामगार होता, तुझा बडा बाबू नव्हं. मागनं पुढची गाडी येतेय, साहेब बोंबलतोय, आनि हा काय सही करीत बसणार?"

मी हसलो नाही. कागदावर खाडाखोड दिसली आणि शेजारी सही नसली की मी तिथेच अडतो. नोकरीच्या सुरुवातीला मी अशा एका कागदाची नक्कल न सांगता दिली होती आणि त्यावरून मला साहेबांपुढे उभं राहावं लागलं होतं. तेव्हापासून मी एकच रीत पाळली. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, वर दुरुस्ती आणि कडेला सही. ज्याला सही नाही तो बदल संशयास्पद.

"रेषा बघ," भाऊ म्हणाला. आता तो हसत नव्हता. "ही जागा कारखान्यात मशिनवर तासतात. त्याच्या ह्या बारीक रेषा. कुणी नंतर खोटा नंबर टाकला तर आधीचा घासावा लागतो. घासला की रेषा जातात. हितं रेषा जागच्या जागी हायेत."

"शपथेवर सांगशील?"

शपथ हा शब्द मी उगाच वापरला. तो माझ्या कचेरीचा शब्द होता, त्याच्या पडवीत त्याचं काम नव्हतं. "शपथेवर कसं सांगू. अजून फोटो बघाय लागतील. जुने."

"अहवाल आज जायचा आहे."

"मग लिव तुला काय लिवायचं ते. शिकलेला तू हायस."

मी लिहिलं: इंजिनावरील क्रमांकात फेरबदल दिसतो, तो कारखान्यातला मानता येत नाही. वाक्य चांगलं झालं होतं. रुजवातीला मी ते वाचलं, त्याने ऐकलं, आणि खाली दोघांची नावं घालून आम्ही ते पाठवलं. संशय लिहिणाऱ्याला कधी कुणी जाब विचारत नाही, हे मी नोकरीत शिकलो होतो. खात्री लिहिणारा अडकतो. परतीच्या एसटीत मला हलकं वाटत होतं.

सोमवारी त्याचे फोन आले तेव्हा मला माहीत होतं की तो त्या आठाबद्दलच बोलणार. मला वाद नको होता. कामात होतो असं सांगता येईल, म्हणून मी फोन पालथा ठेवला.

मंगळवारचं पुढचं मला सलग आठवत नाही. महामार्गावरून जाताना एसटी थांबत होती आणि लोक चढत होते. स्टँडवरचा चहावाला मला म्हणाला, "आमच्याशी चांगले बोलले ओ. दादाकडं चाललोय म्हणले. पिशवी काय सोडली नाय हातातली." तो मला बरं वाटावं म्हणून सांगत होता. मी मान हलवली. पिशवीत काय आहे हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

तेराव्यानंतर भावजयीने ती पिशवी माझ्यापुढे ठेवली. कापडी, साधी. "दादा, ह्यात तुमच्या कामाचे कागद हायेत वाटतं. मी नाय उघडली."

मीही नाही उघडली. महाडला नेली आणि कपाटात ठेवली. दीड महिना तशीच ठेवली. मी पुस्तकात डोकं घालणारा माणूस, पण त्या दिवसांत एक पान धड वाचलं नाही. कपाटाकडे पाठ करून बसायचो. मला दोन गोष्टींची भीती होती. त्यात काही नसेल, म्हणजे तो सहज निघाला होता आणि मला ते कधीच कळणार नाही. किंवा त्यात काही असेल.

आषाढात मुकादमाची मेल आली. आधी सांत्वनाचे चार शब्द होते. खाली त्या हिरव्या गाडीच्या म्हाताऱ्याचं पत्र जोडलेलं होतं. ते लहान होतं. त्याने लिहिलं होतं की गाडी मी नवी घेतली, तिचं इंजिन कधी कुणी बदललेलं नाही. घेणारा मागे फिरला त्याचं काही नाही. पण आमच्या जुन्या गाड्यावाल्यांच्या मंडळात सगळ्यांनी अहवाल वाचला आहे, आणि परवा माझ्या मुलाने मला विचारलं, बाबा, खरं सांगा, इंजिन केव्हा बदललंत? या महिन्याच्या अखेरीस मी इस्पितळात जातो आहे. त्याआधी मुलाला काय उत्तर देऊ ते कळवावं. हे कुणी लिहिलं आणि कशावरून, एवढंच मला हवं आहे.

मुकादमाने शेवटी दोन ओळी लिहिल्या होत्या. तुम्ही अहवालावर ठाम असाल तर तसं एका ओळीत कळवा. चूक असेल तर तुमच्याकडून आलेले सगळे अहवाल मला पुन्हा तपासावे लागतील, आणि तसं लोकांना सांगावं लागेल.

एक ओळ लिहिली की सुटका होती. म्हातारा इस्पितळात गेला असता, मुलगा समजायचं ते समजला असता, भावाची चार वर्षांची कामं जशीच्या तशी राहिली असती. दुसरीकडे मी चूक कबूल केली, तर पहिल्या दिवसापासूनच्या त्याच्या प्रत्येक कागदावर शंका येणार होती. ज्या माणसाचा कधी आकडा चुकला नाही, त्याच्या नावावर, आणि तो उत्तर द्यायला नसताना. दोन दिवस मी मेल उघडून बंद करत राहिलो. तिसऱ्या दिवशी पिशवी घेतली आणि पोलादपूरची गाडी धरली. एकट्याने ती उघडायची मला हिंमत नव्हती.

पाऊस लागला होता. भावाचं घर डोंगराच्या अंगाला आहे. भावजय पडवीत उभी राहून वर बघत होती. "या," ती म्हणाली, आणि पुन्हा वर बघितलं. "तळीयेवर दरड आली तेव्हापासनं ह्या दिसांत माझं कशात लक्ष नाय लागत. जरा माती सरकली की ऐकाय येतं."

मी पिशवीतून कागद काढले. चार फोटोंच्या छापील प्रती होत्या. चार वेगवेगळ्या इंजिनांच्या, आमच्याच जुन्या कामांतल्या, सगळ्या त्याच कारखान्याच्या. चारही ठिकाणी शेवटचा आकडा दोनदा उमटलेला होता. भावाने पेन्सिलीने गोल केला होता आणि प्रत्येकाशेजारी दोनच शब्द लिहिले होते: एक कमी.

मला समजायला वेळ लागला. भावजयीला आधी समजलं. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "पाच आनि खाली चार," ती म्हणाली. "हितं दोन आनि खाली एक. खालचा एकानं कमी हाय ना, दादा?"

खालचा आकडा दरवेळी वरच्याहून एकाने कमी होता. म्हणजे कामगाराने आधीच्या गाडीचा क्रमांक ठोकला होता, पुढच्या गाडीसाठी ठशांच्या पट्टीतला शेवटचा आकडा बदलायला विसरला होता, पहिला घाव घातल्यावर ते ध्यानात आलं आणि त्याने तिथेच बरोबर आकडा ठोकला. खोटा क्रमांक टाकणारा ही चूक करत नाही. त्याच्या हातात त्याआधीची कुठली गाडीच नसते. मी हिरव्या गाडीचा फोटो फोनवर उघडला. आठाच्या मागची तिरपी रेघ आणि वरचा आडवा तुकडा. सात होता.

हे तो मला सांगायला निघाला होता. फोनवर सांगितलं असतं, पण मी फोन घेतला नव्हता. मग त्याने कागद छापून घेतले आणि पाठ दुखत असताना स्टँडवर जाऊन उभा राहिला.

मी भावजयीला सगळं सांगितलं. रविवारचा वाद, ते वाक्य, सोमवारचे फोन. सांगताना तिच्याकडे बघत नव्हतो. ती ओरडेल, रडेल, मला घराबाहेर जायला सांगेल असं वाटत होतं. तिने चारही कागद एकावर एक नीट ठेवले. पाऊस पत्र्यावर वाजत होता.

"म्हणजे चूक ह्यांची नव्हती," ती शेवटी म्हणाली.

"नाही. माझी होती."

"मग तसं लिवा ना. भ्याता कुणाला?"

"सगळे अहवाल पुन्हा तपासतील. त्याच्या नावावर शंका..."

"तपासू द्या की! ह्यांचं काम मी बघितलंय. जेवण गार व्हायचं पन आकडा सोडायचे नाय." मग तिचा आवाज बदलला. "दादा, एक सांगते. तुम्ही गप बसलात तर तो म्हातारा ह्यांनाच खोटं समजून जाईल. ते मला नाय चालायचं."

तिने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसून राहिली. मी लिहायला बसलो. जुना अहवाल बदलून नवा पाठवता आला असता. तिकडे तशी रीत आहे. मी तसं केलं नाही. माझं वाक्य होतं तिथेच ठेवलं, त्यावर एक आडवी रेघ मारली, वर दुरुस्ती लिहिली: क्रमांक कारखान्यातलाच आहे, दुसरा ठसा कामगाराच्या विसरण्याचा आहे. कडेला माझं नाव घातलं. खाली लिहिलं की माझ्या भावाचं मत पहिल्यापासून हेच होतं, मी ते लिहिलं नाही, आणि हे चार फोटो त्याने शोधले. मग रुजवात. मी एकेक शब्द मराठीत सांगत गेलो, ती फोटोंवर बोट ठेवून ऐकत गेली. पाठवायच्या बटणापाशी मी थांबलो. ती म्हणाली, "दाबा." मी दाबलं.

म्हाताऱ्याचं उत्तर आठवड्याने आलं. मुलाने वाचलं, असं त्याने लिहिलं होतं. वाचून तो गॅरेजमध्ये गेला, विजेरी घेऊन तो आठ त्याने स्वतः पाहिला, आणि परत येऊन म्हाताऱ्याच्या शेजारी बसला. शेवटी एक प्रश्न होता. तुमच्या भावाला माझे आभार सांगाल का? भाऊ गेल्याचं त्याला कळवायचं मुकादमाच्या मनात आलं नसावं. ते मी लिहिलं. त्यानंतर तिकडून काही आलं नाही. इस्पितळात काय झालं ते विचारायला मी अजून घाबरतो.

मुकादमाने भावाचे जुने अहवाल काढून बघितले. त्याला काही सापडलं नाही, पण अहवाल पुन्हा तपासतो आहे हे त्याने लोकांना सांगितलं होतं आणि कामं कमी झाली.

पावसात मी अजून रात्रीचा जागा होतो आणि पोलादपूरहून फोन येईल असं वाटतं. फोन आला की पहिल्या घंटेला उचलतो. महिन्याला एखादी गाडी येते. फोटो भावजय बघते, आकडे ती वाचते, मी लिहितो.